गेटचं गाणं गेटवरच

माझा संसार मोडल्याची बातमी आमच्या गल्लीत सगळ्यांना लागली, फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला सोडून. आम्ही दोघं तेव्हा रोज एका टेबलाशी जेवत होतो, एका पलंगावर झोपत होतो (घरात तान्हं बाळ असताना झोपणं हा शब्द जपून वापरावा, पडत होतो म्हणू), आणि भांडत होतो तेसुद्धा नेमस्तपणे, बाळाचे ओले वाइप्स कोणी संपवले एवढ्यापुरतं. पण आमचं हस्कर्स बे हे टास्मानियातलं सभ्य गाव आहे. इथे कोणी कोणाला तोंडावर खासगी काही विचारत नाही. विचारायच्या ऐवजी लोक लझानिया करून आणतात, पास्ता आणि चीजचे थर भाजलेला भला मोठा ट्रे.

या लझानियाचं एक शास्त्र आहे. घरात बाळ झालं की एक ट्रे. ऑपरेशन झालं की दोन, आणि वर फोडलेलं जळण. नवरा गेला, म्हणजे वर गेला, तर फ्रीजचं दार लागेनासं होतं. जेव्हा कोणतंही कारण नसताना आमच्या दारात लागोपाठ ट्रे येऊ लागले, आणि एका सकाळी पायरीशी कोणीतरी गुपचूप फोडलेल्या लाकडांची रासही रचून ठेवली, त्याच वेळी मी सावध व्हायला हवं होतं. मी एरवी फार सावध बाई आहे. पण मी प्रेमात पडले होते.

एका अल्बमच्या.

हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगते तो आधी हसतो, म्हणून नीट सांगते. ओडेट फॅरो ही आमच्याच टास्मानियातली बाई. स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतः गाते. तिचा ‘घर सोडताना’ नावाचा अल्बम आहे. त्यात एकच बाई आणि एकच घर. प्रत्येक गाणं म्हणजे एक खोली. बाई स्वयंपाकघरापासून निघते आणि एकेका खोलीचा निरोप घेत घेत बाहेर येते. धुण्याची दोरी, अंगण, आणि शेवटी गेट. गेटच्या गाण्याच्या शेवटी कडी वाजते. बाई गेली की परत आत आली, हे काही कळत नाही. रेडिओवर एका दुपारी त्यांनी तो आख्खा लावला. मी विनीला पाजत बसले होते. विनी म्हणजे आमची मुलगी. गाणी संपल्यावर बघते तर विनी कधीच झोपून गेलेली आणि माझ्या डोळ्यांतून धारा.

पण रडण्याचं मला विशेष नव्हतं. तेव्हा मला चीज किसतानाही रडू यायचं. विशेष दुसरंच होतं. विनी झोपली की मी तिचा श्वास बघते. बघते म्हणजे काय, तर पोट वर गेलं का, खाली आलं का, मग परत वर गेलं का. मी जरा नजर काढली तर ती श्वास घ्यायला विसरेल अशी माझी पक्की समजूत होती. ती जन्मल्यापासून मी तिला कोणाच्या हातात देऊन दुसऱ्या खोलीत गेलेले नव्हते. बाल-आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई म्हणायच्या, “तासभर कोणाकडे तरी ठेव गं हिला. तुझ्यासाठी सांगतेय, तिच्यासाठी नाही.” मी हो हो म्हणायचे आणि घरी येऊन पोट बघत बसायचे. त्या दुपारी मात्र न्हाणीघराच्या गाण्यापासून गेटपर्यंत मी विनीकडे बघितलंच नव्हतं. आणि ती श्वास घेत होती. माझ्या देखरेखीशिवाय!

मी लगेच रेकॉर्ड मागवली.

त्यानंतर आमच्या घरात तो अल्बम रोज लागू लागला, आणि क्रमानेच लागू लागला. या बाबतीत मी कोणाची गय करत नाही. हेमिशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा फोनवर तीच गाणी उलटसुलट लावली. बाई अंगणातून थेट न्हाणीघरात!

“हेमिश, ती आत्ता अंगणात होती.”

“मग? तिला लागली असेल.”

हेमिश दिवसभर सॅल्मन मासे पाळण्याच्या तलावांवर काम करतो. माणूस मायाळू आहे, पण माशांना कथानक नसतं, त्यामुळे त्याला तशी सवय नाही. “गाण्याला कसला क्रम, टॅम? गाणं म्हणजे काय बसची रांग आहे?” असं तो म्हणाला, आणि मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही.

गाणी पाठ झाल्यावर मी ती ज्या त्या खोलीत म्हणू लागले. स्वयंपाकघरातलं भांडी घासताना:

*“चांगला तवा तुझा, तुलाच राहू दे रे,*
*करपण्याची सवय तेवढी मी नेते सोबत.”*

आणि दोरीचं गाणं अर्थातच मागच्या अंगणात, हेमिशचे शर्ट वाळत घालताना, मोकळ्या गळ्याने:

*“वाळले रे शर्ट तुझे, वाळले कधीचे,*
*घडी मात्र यापुढे तुझी तू घाल.”*

कुंपणापलीकडे बेव्ह राहतात. वय सत्तरीच्या पुढचं, हाताला सतत पीठ किंवा माती, आणि गल्लीवर त्यांचा शब्द चालतो. एकदा गाण्याच्या मध्येच त्यांचं डोकं कुंपणावर उगवलं.

“मनापासून गातेस गं पोरी,” त्या म्हणाल्या.

“आतून येतं, बेव्ह. खरं सांगू? हे ऐकायला लागल्यापासून वाटतंय की इतके दिवस मी श्वासच घेत नव्हते.”

बेव्ह कुंपणावरून आणखी पुढे वाकल्या. “हेमिशला माहीत आहे?”

“माहीत आहे, पण त्याला कळत नाही. कुठूनतरी मध्येच सुरू करतो आणि मध्येच सोडून देतो.”

“पुरुष!” बेव्ह म्हणाल्या आणि डोकं खाली गेलं. संध्याकाळी पहिला ट्रे आला.

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? मी गेला महिनाभर दुसरं काही बोलतच नव्हते. मी कशाबद्दल बोलतेय हे माणसांना वेगळं सांगायचं असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तशात मला कळलं की ओडेट फॅरो हा अल्बम रंगमंचावर गातच नाही. ती लोकांच्या घरी येते आणि खोल्याखोल्यांतून फिरत गाते. ऐकणारे तिच्या मागे मागे. मी तिला लिहिलं. तिचं उत्तर आलं: येते, रविवारी दुपारी. वीसेक माणसं मावतील एवढ्या खोल्या मोकळ्या करा. लहान मुलं नकोत.

लहान मुलं नकोत. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग हेमिशबरोबर बैठक घेतली. ठरलं असं, की हेमिश विनीला गाडीत घेऊन बसेल. गाडी आमच्या दारासमोरच उभी राहील, म्हणजे मला प्रत्येक खोलीच्या खिडकीतून दिसेल. न्हाणीघराची खिडकी मागच्या बाजूला आहे, तर त्या गाण्यापुरती त्याने गाडी मागच्या गल्लीत न्यायची.

“आणि श्वास?” हेमिशने विचारलं.

“श्वासाचं काय?”

“मी घेऊ ना?”



मग कौन्सिल, म्हणजे आमची नगरपालिका. मला कोणीतरी सांगितलं की घरात तिकीट लावून माणसं जमवायची तर कौन्सिलच्या कानावर घातलेलं बरं. कानावर घालणं हा मोठा धोका असतो; तिथे गेलेली गोष्ट परत घरी येत नाही. तिथले प्लम्ली नावाचे गृहस्थ अतिशय सौम्य होते. त्यांनी विचारलं, “लोक बसणार का उभे राहणार?”

“चालणार.”

“चालणार?”

“गायिकेच्या मागे. खोल्याखोल्यांतून, मग अंगणातून गेटपर्यंत.”

प्लम्लींनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे ही मैफल नाही, बाई. ही मिरवणूक आहे.”

मिरवणुकीचे नियम वेगळे निघाले. घरातल्या घरात मिरवणूक काढायला आजवर कोणी परवानगी मागितली नव्हती, त्यामुळे ती नाकारायची कशी हेही त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी अडलं ते गेटपाशी. गेट माझं, पण गेटबाहेरचा गवताचा पट्टा कौन्सिलचा. ऐकणारे तिथे उतरले तर वाहतुकीला अडथळा.

“शेवटचं गाणं व्हरांड्यात घेता नाही येणार?” त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं.

मी उठून उभी राहिले. “मिस्टर प्लम्ली, गेटचं गाणं गेटवरच होतं. ती बाई अख्ख्या अल्बमभर गेटकडे चालत येतेय. तिला व्हरांड्यात थांबवून आपण काय साधणार आहोत?”

माझा आवाज चढला होता आणि कडेवर विनी होती. प्लम्लींनी नारिंगी शंकू आणून ठेवण्याची आणि रविवारी स्वतः येऊन पाहणी करण्याची तयारी दाखवली. शनिवारीच ते शंकू आमच्या दारापुढे ओळीने मांडले गेले, घर बदलणाऱ्यांच्या सामानाचा ट्रक लागायच्या आधी मांडतात तसे. हे ‘तसे’ मला नंतर सुचलं.

खोल्या मोकळ्या करायला गाडीमागे जोडायचा ट्रेलर हवा होता. तो पलीकडच्या मर्व्हकडे असतो. मर्व्ह हा कमी बोलणारा मनुष्य. मी म्हटलं, “मर्व्ह, रविवारसाठी ट्रेलर मिळेल? आणि तुमच्याकडची सफरचंदांची खोकी?”

मर्व्हने आकाशाकडे बघितलं. “काय काय न्यायचं?”

“सोफा, टेबल, पलंग.”

“पलंगही?”

“पलंग तर आधी. त्याच्यामुळेच सगळं अडलंय.”

मर्व्हचे कान लाल झाले. “ठीक,” तो म्हणाला, आणि खोकी त्याने स्वतः धुऊन, पुसून, दोरीसकट आणून दिली. मी बेव्हनाही कुंपणावरून सांगितलं, “रविवारी दुपारी आहे, बेव्ह. तुम्ही सगळे याल ना? एकटीने नाही जमायचं मला.”

बेव्हनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, काय ही कलेची ओढ! “सगळ्यांना घेऊन येते,” त्या म्हणाल्या. “आणि चांगला तवा ने हं बरोबर. ती गाण्यातली बाई मूर्ख आहे. मी ठेवून गेले होते आणि वर्षभर पस्तावले.”

ही मला अल्बमची मार्मिक समीक्षा वाटली.

याच सुमारास हेमिश एकाएकी लोकप्रिय झाला. आमच्या गावात पुरुष एकमेकांचं सांत्वन करत नाहीत. एकमेकांना काहीतरी दाखवतात. हेमिशला एकाने नवी आरी दाखवली, दुसऱ्याने शेडचं छप्पर. मर्व्हने बोटीची मोटर उघडून दाखवली, मग परत बंद करून दाखवली.

“टॅम, लोक किती चांगले आहेत गं इथले,” हेमिश म्हणाला. “मर्व्ह आज माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, समुद्र मोठा आहे.”

“म्हणजे?”

“काय माहीत. पण आहेच की मोठा.”

रविवारी सकाळी मर्व्ह त्याला न्यायला आला. फ्लॅटहेड मासे लागलेत म्हणाला, तासाभरात आणून सोडतो. हेमिशने माझ्याकडे बघितलं. जेवणाच्या आत परत येणार असशील तर जा, असं मी म्हटलं. सोफा, टेबल, पलंग आणि विनीचा पाळणा त्या दोघांनी आधीच अंगणात काढून ठेवला होता. पाळणा बाहेर नेताना मर्व्ह त्याच्याशी असा वागला की जणू आत कोणी झोपलंय.

जेवणाची वेळ झाली. हेमिशचा पत्ता नाही. फोन लागेना, खाडीच्या तोंडाशी लागतच नाही. मर्व्हच्या मनात काय होतं हे आता सांगायला हरकत नाही: बायको सामान भरत असताना नवऱ्याने ते बघू नये, म्हणून त्याने त्याला दयाबुद्धीने समुद्रात नेऊन ठेवलं होतं.

ओडेट फॅरो आली. मी कल्पना केली होती उंच, वाऱ्यात केस उडणाऱ्या बाईची. आली ती बुटकी, नाक चोंदलेली, मोठ्या पायमोज्यांतली बाई, आणि तिला भूक लागली होती. सुदैवाने त्या बाबतीत आमचं घर सज्ज होतं. लझानियाचा अर्धा ट्रे संपवून तिने विनीकडे बोट दाखवलं.

“हे बाळ आहे.”

“हो. म्हणजे, ते जाणारच आहे. त्याचे वडील मासे—”

“बाळ रडलं तर मी थांबते,” ओडेट म्हणाली. “आणि थांबले की पुन्हा पहिल्या खोलीपासून. मधून सुरू करत नाही.”

 जगात या एका तत्त्वासाठी मी माझ्या नवऱ्याशी अबोला धरला होता.

तोवर लोक जमू लागले. होबार्ट शहरातून काळ्या कोटांतले रसिक आले. माझ्या बाळंतिणींच्या गटातल्या दोघी आल्या, मुलं नवऱ्यांकडे टाकून, केस विंचरून. आणि मग बेव्ह आल्या, मागे आख्खी गल्ली. प्रत्येकाच्या हातात काहीतरी: चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रं, कात्री, सुतळी. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण मी म्हटलं, असतील एकेकाच्या पद्धती. तसंही माझं लक्ष रस्त्याकडे होतं. रस्त्यावर शंकू होते, हेमिश नव्हता.

ओडेटने आत गिटार जुळवायला घेतली.

“दे इकडे,” बेव्ह म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केले होते.

“नको, नको, बेव्ह, तुम्हाला कशाला— हेमिश येईलच आता—”

“अगं, दे.” त्यांचा आवाज खाली आला. “मी याच गल्लीतून निघाले होते एकदा. पहिल्या नवऱ्याच्या घरातून. एक पोर या कडेवर, एक त्या, बॅग दातांत धरायची तेवढी बाकी होती. सगळ्या खिडक्यांचे पडदे हलत होते, पण बाहेर कोणी आलं नाही. तुझ्या वेळी तसं व्हायचं नाही. मी सांगून ठेवलंय सगळ्यांना.”

मी शपथेवर सांगते, त्यातला एक शब्द माझ्या डोक्यात शिरला नाही. मला दिसत होते ते फक्त त्यांचे ते दोन हात, पीठ झटकलेले, आणि माझ्याच दोन हातांतली विनी. मी विनीचं पोट बघितलं. वर गेलं. खाली आलं. आतून पहिला सूर लागला.

मी दिली.

हात एकदम इतके हलके झाले की कुठे ठेवावेत कळेना. ते काखेत धरून मी आत गेले.

स्वयंपाकघरात सगळे भिंतीला चिकटून उभे. ओडेटचं नाक चोंदलेलं होतं, पण गायला लागली आणि ते घराला शोभून दिसलं. *चांगला तवा तुझा, तुलाच राहू दे रे.* आणि या ओळीवर समोरच्या घरातल्या बाईने माझा तवा चुलीवरून उचलला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सफरचंदाच्या खोक्यात ठेवला.

मी तिला खुणेने विचारलं, हे काय? तिने खुणेने उत्तर दिलं, राहू दे गं, लाजू नकोस.

बोलायची तर सोय नव्हती. कोणी बोललं, ओडेट थांबली, तर पुन्हा पहिल्यापासून. मी डोळे मोठे केले; तिने माझा खांदा थोपटला आणि काटेचमचे उचलले. गाणं संपून आम्ही बाहेरच्या खोलीत गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या फळ्या रिकाम्या होत्या. बाहेरच्या खोलीच्या गाण्यात पडदे उतरले. न्हाणीघराच्या गाण्यात टॉवेल, साबणाची वाटी, सगळं गेलं, हेमिशचा दाढीचा ब्रश तेवढा सोडून. ब्रश त्यांनी न्यायबुद्धीने मागे ठेवला. होबार्टच्या काळ्या कोटांना वाटलं, हा प्रयोगाचाच भाग. त्यांतल्या एकाने तर डोळे टिपत एक उशी स्वतः नेऊन दिली. आणि ओडेट! गाता गाता तिने मागे वळून रिकामी झालेली खोली बघितली आणि तिचा आवाज कापला. नंतर ती मला म्हणाली की इतक्या घरांत गायले, पण अल्बम एवढा समजून घेतलेली यजमानीण पाहिली नव्हती.

मला कळलं ते झोपायच्या खोलीत. तिथे तर आधीच काही नव्हतं, नुसत्या पलंगाच्या पायांच्या चार खळग्या. माझे कपडे खोक्यात घालताना बाळंतिणींच्या गटातली एक मैत्रीण, तिलाही कोणीतरी सांगितलं असावं, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “तू धीराची आहेस. मला नसतं जमलं.” आणि मग लझानिया, लाकडं, पलंग, तवा, शंकू, बेव्हची बॅग, सगळं एकदम माझ्या डोक्यात ओळीने, अगदी क्रमाने लागलं.

आता खरी सुज्ञ बाई काय करेल? ओरडेल: अहो, मी कुठेही चाललेली नाही! पण ओडेट त्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात होती. तिथे ती बाई उशीचा वास घेते आणि ठरवते की तो लक्षात ठेवायचा नाही. मी म्हटलं, हे कडवं होऊ दे. मग म्हटलं, एवढी दोरी होऊ दे. मग आम्ही अंगणात आलो, आणि खरं सांगते, मी विसरले. घर कोण भरतंय, कुठे चाललंय, हेमिश कुठे, काही नाही. मी त्या बाईच्या मागे मागे चालत होते.

गेटवर गाणं सुरू झालं तेव्हा बाहेर ट्रेलर उभा होता. आमचं घर त्यावर दोरीने करकचून बांधलेलं. आणि रस्त्याने, शंकू उडवत, हेमिश पळत येत होता. अंगात लाइफ जॅकेट, हातात माशांची बादली. मागे मर्व्ह, त्याला पळवत नव्हतं. मर्व्हने खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून अखेर त्याला बातमी दिली होती: “ती चाललीय, गड्या. आज.”

“टॅम!” हेमिश ओरडला. “थांब! काय चुकलं ते सांग! नाहीतर नको सांगू, मी सगळंच सुधारतो!”

 बाळाचं रडणं चालत नाही, मग नवऱ्याचं? पण ओडेटने त्याच्याकडे बघितलं, गिटारवर हात तसाच फिरता ठेवला आणि शेवटची ओळ त्याच्याकडे तोंड करून गायली. मग तिने गेट ओढलं. कडी वाजली.

 मग होबार्टवाल्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की कुंपणावरची मॅगपाय पाखरं उडाली. “हा कोण नट?” एकाने विचारलं. हेमिश बादली धरून उभा होता. लोक त्याच्याशी हात मिळवत होते आणि तो सगळ्यांना थँक्यू म्हणत होता.

मी गेटवरून त्याच्या जॅकेटला धरलं. “मी कुठेही चाललेली नाही, येड्या. हा अल्बम आहे.”

“हाच तो?” हेमिश म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “बाप रे. चांगला आहे गं.”

आणि मग मला आठवलं. विनी. किती वेळ झाला होता कोण जाणे, मी एकदाही— मी वळले आणि तोंड उघडलं.

“शू!” ट्रेलरवरून आवाज आला.

ट्रेलरच्या मधोमध, पाळणा आणि टेबल यांच्या बेचक्यात, आमच्या सोफ्यावर बेव्ह बसल्या होत्या. छातीवर विनी, गाल चेपलेला, तोंड उघडं, गाढ. मी चाकावर पाय देऊन वर चढले. पोट वर गेलं, खाली आलं. बेव्हचंही.

“म्हणजे तू जात नाहीस?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“नाही हो, बेव्ह. गाणी होती ती.”

बेव्हनी बांधलेल्या सामानाकडे, सुतळ्या हातात घेऊन उभ्या असलेल्या गल्लीकडे बघितलं. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी विनीच्या पायावरचं पांघरूण तेवढं सारखं केलं.

“माझी दोघं रडून रडून निळी पडली होती त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “हिला झोपू दे. तू आत जा आणि काहीतरी खा. मी इथनं हलत नाही.”

ट्रेलर हलवला तर विनी उठेल, विनी वर झोपलेली असेपर्यंत सामान उतरवता येईना, आणि सामान उतरल्याशिवाय घरात बसायला काही नाही. तेव्हा आख्खी मैफल, गल्ली, काळे कोट, मर्व्ह आणि ओडेट फॅरो, आमच्या उघड्याबोडक्या घरात जमिनीवर मांडी घालून बसली आणि हातांनी लझानिया खाऊ लागली, कारण काटेचमचे बाहेर खोक्यात होते. सगळे कुजबुजत होते. ओडेटने दुसरा ट्रे ओढून घेतला होता.

तेवढ्यात पाहणीसाठी प्लम्ली आले. खिडक्यांना पडदे नसल्यामुळे सगळं दिसत होतं. त्यांनी उडालेले शंकू बघितले, गवताच्या पट्ट्यावरचा ट्रेलर बघितला, आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. बेव्हनी ओठांवर बोट ठेवलं. प्लम्लींनी तोंड मिटलं, शंकू एकेक करून उचलले आणि चवड्यांवर चालत ट्रेलरभोवती नीट गोल मांडले. मग एक गाडी येताना दिसली, तर हात वर करून तिला हळू जायला लावलं.

“मी बघून येऊ का तिला?” हेमिशने विचारलं. त्याने अजून जॅकेट काढलं नव्हतं.

“बेव्ह आहेत,” मी म्हटलं. मग खिडकीकडे पाठ करून बसले आणि ट्रे पुढे ओढला.